काटा साच्यातला नव्हे

संक्रांतीच्या काटेरी हलव्याबद्दल पहिला गैरसमज त्याच्या काट्याचाच. साच्यातून काढतात, असं बिनदिक्कत सांगणारे भेटतात. साचा नसतोच. मंद आचेवर परात, परातीत तीळ, खसखस किंवा साबुदाणा, वरून चमचा चमचा पाक आणि सतत फिरणारी बोटं. एक थर वाळला की दुसरा. दाण्यावरचा बारीकसा उंचवटा गरम परातीला आधी टेकतो, तिथला पाक आधी वाळतो. असं होत होत त्याचा काटा होतो. पाक जास्त पडला, तर दाणे एकमेकांना चिकटून लाडू तयार! घाईच्या माणसाचं हे काम नव्हे.

थंडीत काटा चांगला फुलतो, ही मात्र नुसती आजीबाईंची समजूत नाही. कोरड्या, गार हवेत पाक लवकर सुकतो, दमट हवेत साखर ओल धरते. नाशिक जिल्ह्यातल्या विंचूरच्या कांदा लिलावाला जानेवारीत कानटोपी घालून उभं राहणाऱ्याला थंडीबद्दल काय सांगावं? विंचूरच्याच निफाड तालुक्यातल्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा अनेकदा ५ अंशांखाली उतरतो.

हलवा जगात फक्त आपल्याकडेच, हेही खरं नाही. जपानचा कोनपेइतो हुबेहूब आपल्या हलव्यासारखा काटेरी. गोव्यात बरीच वर्षं राहून जपानला गेलेले पोर्तुगीज पाद्री लुईस फ्रॉइस यांनी १५६९ मध्ये जपानी सरदार ओदा नोबुनागाला तो बरणीभर भेट दिला होता. अमेरिकेत १८९३ पासून निघणारी ‘गुड अँड प्लेंटी’ ही गोळी याच घराण्यातली. तिच्यात साखरेच्या कवचाखाली ज्येष्ठमध.

आणि इथे खरा घातक गैरसमज: ज्येष्ठमध औषधी, मग कितीही चघळा. त्यातलं ग्लिसिरायझिन साखरेच्या सुमारे ५० पट गोड. ते शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतं, पोटॅशियम घटवतं, रक्तदाब चढवतं. चाळिशी ओलांडलेल्याने ज्येष्ठमधाची काळी गोळी रोज सुमारे ५७ ग्रॅम अशी दोन आठवडे खाल्ली, तर हृदयाचे ठोके बिघडून रुग्णालय गाठावं लागू शकतं, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने दिला आहे. खोकल्यासाठी एखादी काडी चघळणाऱ्याने घाबरायचं कारण नाही. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, तर मात्र डॉक्टरांना विचारावं. गंमत म्हणजे परदेशी काळ्या गोळ्यांपैकी कित्येकींत ज्येष्ठमध नसतंच, बडीशेपेसारख्या वासाचं अ‍ॅनिसचं तेल असतं. तेव्हा वेष्टनावरचे घटक वाचावेत.