अंतराने मोजलेला काळ

शेगावच्या उन्हाळ्यात गच्चीवरच्या सौर पॅनेलला हात लावला तर चटका बसतो. तो सगळाच उन्हाचा नसतो. निळा प्रकाशकण इलेक्ट्रॉनला गरजेपेक्षा जास्त ऊर्जा देतो आणि ती जादा ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. एकाच पदार्थाचा साधा सौरघट उन्हातली जेमतेम एक तृतीयांश ऊर्जा विजेत बदलू शकतो, त्यामागे या गळतीचा मोठा वाटा आहे. ती रोखता येईल का, या प्रश्नाने मला क्वांटम बिंदूंकडे नेले.

क्वांटम बिंदू म्हणजे अर्धवाहकाचा काही नॅनोमीटरचा कण. त्यात इलेक्ट्रॉनला जागा अपुरी पडते, म्हणून पदार्थ तोच राहूनही आकाराप्रमाणे रंग बदलतो. कॅडमियम सेलेनाइडचा लहान कण निळसर-हिरवा उजळतो, मोठा लाल. या शोधासाठी बावेंडी, ब्रस आणि एकिमोव्ह यांना २०२३चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

अडचण वेळेची आहे. इलेक्ट्रॉनची जादा ऊर्जा बहुधा एका पिकोसेकंदाच्या, म्हणजे सेकंदाच्या लाख-कोटीव्या भागाच्या, आतबाहेर संपते. इतके चपळ विद्युत घड्याळ नाही. मग काळ अंतराने मोजतात. गजानन महाराजांची पालखी पंढरीच्या वाटेवर किती कोस गेली हे कळले, की निघून किती दिवस झाले ते सांगता येते, तसेच हे. लेसरच्या एका स्पंदाचे दोन भाग करतात. पहिला बिंदूला ऊर्जा देतो, दुसरा मागून येऊन त्याची अवस्था पाहतो. दुसऱ्याच्या वाटेतला आरसा ०.०१५ मिलिमीटर मागे सरकवला, की जाऊन-येऊन ०.०३ मिलिमीटर वाट वाढते आणि स्पंद १०० फेम्टोसेकंद, म्हणजे पिकोसेकंदाचा दहावा भाग, उशिरा पोहोचतो. आरसा थोडाथोडा सरकवत दर वेळी किती प्रकाश शोषला गेला हे नोंदले, की इलेक्ट्रॉनचा प्रवास क्रमाने उलगडतो.

मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात हिरेंद्रनाथ घोष यांच्या गटाने याच रीतीने कॅडमियम सेलेनाइडचा गाभा आणि झिंक टेल्युराइडचे कवच असलेले बिंदू अभ्यासले. अशा कणात इलेक्ट्रॉन गाभ्यात राहतो आणि त्याच्यामागे उरलेली धन पोकळी कवचात जाते. दोघे दूर राहिले, तर पुन्हा भेटून ऊर्जा गमावायला त्यांना जास्त वेळ लागतो. तेवढ्या अवधीत इलेक्ट्रॉन तारेत उतरवता आला, तर वीज हाती येते.

म्हणूनच मला ही मोजणी मोलाची वाटते. गळती नेमकी कोणत्या क्षणी होते हे कळल्याशिवाय बांध कुठे घालायचा ते ठरत नाही.