नवा ट्रेलर घरी आला, आता पाना हातात घ्या!

अमेरिकेत ‘ट्रॅव्हल ट्रेलर’ नावाची वस्तू विकली जाते. मोटारीच्या मागे जोडून ओढायचे हे छोटे घर. त्यात पलंग, गॅसची शेगडी, फ्रीज, न्हाणीघर, एअर कंडिशनर सारे काही असते, इंजिन तेवढे नसते. शुक्रवारी कामावरून सुटले की ट्रेलर पिकअप गाडीला लावायचा, जंगलात किंवा तळ्याकाठी दोन रात्री काढायच्या आणि रविवारी परतायचे, असा तिकडच्या असंख्य कुटुंबांचा रिवाज आहे. करोनाच्या साथीत हॉटेले ओस पडली तेव्हा या धंद्याला भरती आली. २०२१ साली ट्रेलर व मोटरहोम मिळून सहा लाख वाहने कारखान्यांतून बाहेर पडली. २०२३ मध्ये हा आकडा सव्वातीन लाखांच्या आत आला.

भरती ओसरली, पण तिच्या मागे एक दुसरा धंदा उभा राहिला आहे आणि आज आम्हाला त्याविषयीच लिहायचे आहे. तो धंदा आहे नवा ट्रेलर दुरुस्त करण्याचा. जुना नव्हे, नवा! आपल्याकडे शोरूममधून गाडी आणली की हार घालून लगेच फिरायला काढतात. तिकडचा जाणता ग्राहक मात्र नवा ट्रेलर आधी आपल्या अंगणात उभा करतो, पहिली रात्र त्यातच झोपून काढतो आणि सकाळी पाने-पेचकस घेऊन कामाला लागतो.

याचे कारण या वस्तूच्या घडणीत आहे. बहुतेक ट्रेलर इंडियाना राज्यातील एल्कहार्ट या गावी आणि आसपासच्या भागात तयार होतात. थॉर, फॉरेस्ट रिव्हर आणि विनेबॅगो हे तेथील मोठे समूह. कारखान्यांतील अनेक कारागीर आमिश समाजाचे आहेत. ज्यांच्या पंथात स्वतःची मोटार बाळगत नाहीत, त्यांच्या हातून लाखो लोकांची चाकांवरची घरे घडतात, हा योगायोग मजेदार म्हटला पाहिजे. हे हात सुतारकामात तरबेज आहेत. परंतु मजुरी पुष्कळदा नगावर ठरते आणि ओळ पुढे सरकत राहते. शिवाय चासी एकाची, फ्रीज दुसऱ्याचा, गॅसचे हीटर तिसऱ्याचे, अशी ही जुळणी असते. त्यामुळे नव्या ट्रेलरच्या कपाटामागे लाकडाचा भुसा आणि सुटे स्क्रू सापडतात, सिंकखालचा पाइप हाताने फिरतो, छतावरच्या एखाद्या सांध्याला सीलंट लागलेलेच नसते. त्यातच बहुतेक ट्रेलर कर्जाने घेतलेले असतात आणि हप्ते दहा-पंधरा वर्षे चालतात. हप्ता संपण्यापूर्वी भिंत कुजली तर कुटुंबाच्या हाती काय उरणार?

पहिला हिशेब वजनाचा

ट्रेलर नीटनेटका करायचा म्हटले की लोकांचे लक्ष पडदे, गादी आणि टीव्हीकडे जाते. अनुभवी माणूस आधी दाराजवळची पिवळी चिठ्ठी वाचतो. या ट्रेलरमध्ये जास्तीत जास्त किती माल भरता येईल तो आकडा तिच्यावर छापलेला असतो. समजा, एका मध्यम ट्रेलरवर ५४५ किलो लिहिले आहे. आकडा ऐसपैस वाटतो, पण हिशेब करून पाहा. पिण्या-वापरण्याच्या पाण्याची टाकी ४० गॅलनची, म्हणजे सुमारे १५० लिटरची. तिचे १५० किलो झाले. दोन जड बॅटऱ्या ५५ किलो. ट्रेलर तोलून धरणारी खास जोडणी ३५ किलो. खुर्च्या, टेबल, पाण्याचे पाइप, बाहेरची शेगडी ७० किलो. चार माणसांचे कपडे, अंथरूण, भांडी आणि शिधा १५० किलो. दोन-तीन सायकली व त्यांचा कॅरिअर ६० किलो. बेरीज झाली ५२०. उरले २५ किलो! यानंतर मालकाने छतावर दुसरा एअर कंडिशनर बसवला की चाळीस-पंचेचाळीस किलो तिथेच वाढले आणि ट्रेलर मर्यादेबाहेर गेला. सुधारणा म्हणून केलेल्या कामाने टायरवरचा भार वाढवला, आणि टायर फुटल्यावर दोष कारखान्याला दिला जातो.

वजन किती याइतकेच ते कुठे आहे हे महत्त्वाचे आहे. ट्रेलरच्या एकूण वजनापैकी १० ते १५ टक्के भार पुढच्या जोडावर पडला पाहिजे. त्याहून कमी पडला तर वेगात ट्रेलर डुलू लागतो आणि ओढणाऱ्या गाडीलाही फेकून देऊ शकतो. सायकलींचा कॅरिअर मागच्या बंपरला लावणे हा प्रकार सर्रास दिसतो. तो बंपर पातळ पत्र्याची चौकोनी नळी असतो, मैला सोडण्याचा पाइप आत ठेवण्याइतपतच. सायकलींच्या हिसक्यांनी वेल्डिंग तुटते आणि मागचे वजन पुढचा भार हलका करते तो वेगळाच.

पुढच्या जोडावरचा भार ओढणाऱ्या गाडीच्या मालात धरायचा असतो, हे नवखे विसरतात. अडीच टनांच्या ट्रेलरचा भार सव्वातीनशे किलो धरला आणि गाडीत साडेतीनशे किलोची पाच माणसे बसली, तर पावणेसातशे किलो तिथेच झाले. नेहमीच्या पिकअपची मर्यादा अनेकदा एवढीच असते. इंजिन ओढेल, पण स्प्रिंग आणि ब्रेक त्याला राजी हवेत.

चाके, छत आणि पाणी

चाकांचे नट पहिल्या प्रवासात १६, ४० आणि ८० किलोमीटरवर थांबून टॉर्क पान्याने तपासावेत, असे बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकेत लिहिलेले असते. नवी रिम बसकण घेते आणि नट ढिले होतात. कंटाळा करणाऱ्यांची चाके निखळून गेल्याची उदाहरणे कमी नाहीत. टायरही ट्रेलरचे वेगळे असतात. कारखाना पुष्कळदा भाराला जेमतेम पुरतील असेच बसवतो. म्हणून अनेक मालक पहिल्याच वर्षी एक पायरी वरच्या भारक्षमतेचे टायर घालतात. मात्र रिमची दाबाची मर्यादा तितकी आहे ना, हे आधी पाहावे लागते. पाच-सहा वर्षांनी नक्षी शाबूत दिसली तरी टायर बदलावाच, कारण उभ्या ट्रेलरचे टायर झिजून नव्हे तर वय होऊन मरतात.

छत म्हणजे लाकडावर ताणलेली रबर किंवा प्लास्टिकची चादर. हवेची झडप, शिडी, अँटेना जिथे जिथे छत भेदतात तिथे सीलंटचा थर असतो. दर तीन ते सहा महिन्यांनी शिडी लावून तो पाहणे, भेग दिसली की साफ करून नवा थर देणे, हे काम फार तर तासाभराचे. ते टाळले की पाणी भिंतीत उतरते. भिंत आतून कुजते, बाहेरची फायबरची चादर फुगून सुटते आणि दुरुस्तीचा खर्च ट्रेलरच्या किमतीशी स्पर्धा करू लागतो. आमच्या मते नव्या मालकाने पहिले पैसे सीलंटच्या नळ्यांवर खर्च करावेत, टीव्हीवर नव्हे.

कॅम्पग्राउंडच्या नळाला कधी कधी एवढा दाब असतो की ट्रेलरमधले प्लास्टिकचे जोड सुटून जमीन पाण्याखाली जाते. त्यासाठी नळापाशीच दाब कमी करणारा पितळी रेग्युलेटर लावतात आणि तो ४५ ते ५० पौंडांवर ठेवतात. शौचालयात पाण्याचा हात-फवारा बसवणे ही आपल्या देशी कुटुंबांची हमखास सुधारणा. काम अर्ध्या तासाचे आहे, पण ट्रेलरची मैल्याची टाकी लहान असते आणि पाणी वापरले की ती लवकर भरते. ही टाकी सांडपाण्याच्या पाइपला जोडली असली तरी तिची झडप बंदच ठेवायची, भरत आली की एकदम सोडायची. झडप उघडी ठेवली तर पाणी वाहून जाते, घन मैला मागे साचून दगड होतो, आणि ते काम करायला मग कुणी कारागीर राजी नसतो.

बॅटरीची हवा

अलीकडे सर्वांत जास्त पैसा बॅटरी बदलण्यात जातो. त्याचे मूळ फ्रीजमध्ये आहे. पूर्वी ट्रेलरमध्ये गॅसवर चालणारा फ्रीज असे. आता बहुसंख्य नव्या ट्रेलरमध्ये १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रीज येतो. तो लवकर थंड होतो, ट्रेलर तिरपा उभा असला तरी कुरकुर करत नाही, पण दिवसाला ४० ते ६० अँपिअर-तास खातो. विक्रेता बरोबर जी साधी शिशाची बॅटरी देतो, तिची अर्धीच शक्ती वापरायची असते. परिणाम असा की जंगलात दुसऱ्या सकाळी दिवा मिणमिणतो आणि दूध नासते.

उपाय लिथियम आयर्न फॉस्फेटचा. १०० अँपिअर-तासांची अशी बॅटरी वजनाला जुनीच्या निम्म्याहून कमी आणि जवळजवळ पूर्ण रिकामी करता येते. २०१८ च्या सुमारास नामांकित बॅटरी हजार डॉलरच्या घरात होती, आता चांगला माल अडीच-तीनशे डॉलरला मिळतो. मात्र नुसती बॅटरी बदलून भागत नाही. जुना चार्जर तिला पुरेसे व्होल्ट देत नाही, तो बदलावा लागतो. गाडी चालू असताना चार्ज करायचे तर मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर हवा, नाहीतर गाडीचा अल्टरनेटर तापतो. शून्य अंशाखाली ती चार्ज करायची नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ट्रेलर जोडातून सुटला तर त्याचे ब्रेक आपोआप लावणारा एक स्विच असतो, तो याच बॅटरीवर चालतो. बॅटरी पुढच्या दांड्यावरून काढून पलंगाखाली नेताना, किंवा तिला बंद करण्याचा खटका बसवताना, या स्विचची तार खटक्याच्या आधीच जोडलेली राहिली पाहिजे. हौशी कारागिराने ती खटक्यानंतर जोडली तर दिवे लागतील, पंखा फिरेल, सारे ठीक दिसेल. पण खटका बंद ठेवून निघालेला ट्रेलर उतारावर सुटला तर ब्रेक लागणार नाहीत.

घरच्या अंगणातील विजेतही असाच एक सापळा आहे. ट्रेलरचा ३० अँपिअरचा प्लग कपडे वाळवण्याच्या यंत्राच्या जुन्या प्लगसारखा दिसतो. ते यंत्र २४० व्होल्टवर चालते, ट्रेलर १२० वर. घरगुती काम करणारा इलेक्ट्रिशियन दिसण्यावर जाऊन २४० जोडून देतो आणि नव्या ट्रेलरमधील ओव्हन, चार्जर, एअर कंडिशनर क्षणात जळतात. जाणता माणूस प्लग लावण्यापूर्वी मीटरने व्होल्ट मोजतो. गॅसच्या जोडांना साबणाचा फेस लावून बुडबुडे पाहतो. आणि हीटरची जाळी नव्या कपाटाने किंवा सामानाने झाकत नाही.

यानंतर सजावट करावी. तिथेही एक-दोन गोष्टी ठाऊक हव्यात. आतली भिंत जेमतेम तीन मिलिमीटरच्या प्लायची असते. स्क्रू मागच्या लाकडी पट्टीत बसला नाही तर पहिल्या खड्ड्याला शेल्फ खाली येते. पलंगही फसवा. दुकानदार त्याला क्वीन म्हणतो, पण तो घरच्या क्वीनपेक्षा पाच इंचांनी आखूड असतो. चादरी घरातून नेल्या तर लोंबतात, गादी नेली तर कपाटाचे दार उघडत नाही.

कमाई कुणाची?

वॉरंटी साधारण एक वर्षाची असते. काही बदल केला म्हणून ती सगळी रद्द होत नाही, १९७५ च्या अमेरिकन कायद्याचे ग्राहकाला तेवढे संरक्षण आहे. पण त्या बदलामुळेच जे बिघडले त्याची भरपाई कंपनी देत नाही. हंगामात विक्रेत्यांच्या वर्कशॉपमध्ये ट्रेलर आठवडेच्या आठवडे रांगेत उभे राहतात. येथेच फिरत्या मिस्त्रीला वाव मिळाला. स्वतःच्या व्हॅनमध्ये हत्यारे घेऊन तो कॅम्पग्राउंडवर येतो आणि तासाला शंभर डॉलरच्या वर घेतो. एल्कहार्टमध्ये या कामाचे शिक्षण देणारी संस्थाही आहे. वीज, गॅस, नळकाम, सुतारकाम आणि ब्रेक हे पाचही हुन्नर एका माणसाच्या हातात असले पाहिजेत, हे या पेशाचे वैशिष्ट्य आहे.

कुर्ला-भिवंडीच्या गॅरेजमध्ये असे हात पुष्कळ आहेत, म्हणून हे विस्ताराने लिहिले. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले आणि टेम्पो ट्रॅव्हलर किंवा बसमधून फिरते घर करून देण्याच्या ऑर्डरी बॉडी-बिल्डरांकडे येऊ लागल्या आहेत. पण येथील कायदा अमेरिकेसारखा सैल नाही. वाहनाच्या मूळ रचनेला बाधा आणणारे फेरफार चालणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळे मानक आहे. बयाणा घेण्यापूर्वी आपले वर्कशॉप त्या मानकात बसते का याची आरटीओकडे लेखी चौकशी करावी, आणि गिऱ्हाइकाला पलंगाचा नकाशा दाखवण्याआधी रिकामी गाडी वजनकाट्यावर नेऊन तिची पावती फायलीत लावावी. काट्याचे पैसे थोडे लागतात.