पेट्रोल महाग की खोकल्याचं औषध?

पेट्रोल वाढलं की मोबाइलवर एक हिशोब फिरू लागतो: लिटरच्या मापाने शाम्पू, अत्तर, खोकल्याचं औषध पेट्रोलपेक्षा कितीतरी महाग, मग ओरड कशाला? यातली आकडेमोड बरोबर आहे, निष्कर्ष फसवा. आपण पेट्रोल १०४ रुपये लिटर धरू. मार्च २०२४ मधल्या दरकपातीनंतर मुंबईत भाव तेवढाच होता.

गैरसमज: रोजच्या वापरात पेट्रोलइतकं महाग काहीच नाही.
वस्तुस्थिती: टपरीवरचं कटिंग दहा रुपयांना आणि ग्लासात चहा जेमतेम ७० मिलिलिटर धरला, तर लिटरला सुमारे १४० रुपये पडतात. औषधाची १०० मिलिलिटरची बाटली शंभर रुपयांना घेतली, तर लिटरला हजार. उलट बाटलीबंद पाणी लिटरला वीस रुपयांच्या आसपास.

गैरसमज: म्हणजे पेट्रोल स्वस्तच.
वस्तुस्थिती: खोकल्याचं औषध कुणी कळशी भरून आणत नाही. रोज ३० किलोमीटर स्कूटर चालवणाऱ्याचे २६ दिवसांत ७८० किलोमीटर होतात. ॲव्हरेज ४५ चं असेल तर साडेसतरा लिटरच्या आसपास पेट्रोल लागतं, म्हणजे जवळपास १,८०० रुपये. त्यात महिनाभर रोज सहा कटिंग होतील! पण चहा सोडता येतो, कामावर जाणं सोडता येत नाही. पगार १८,००० असेल तर त्याचा दहावा हिस्सा टाकीत गेला. लाखाच्या पगारातून दोन टक्केसुद्धा जात नाहीत.

गैरसमज: कच्च्या तेलाचा भाव कळला की पेट्रोलचा कळला.
वस्तुस्थिती: जुलै २००८ मध्ये कच्चं तेल पिंपाला १४७ डॉलरवर गेलं, तेव्हा मुंबईत पेट्रोल ५५ रुपयांच्या आसपास होतं. २९ मे २०२१ ला मुंबईत पेट्रोलने शंभरी ओलांडली, तेव्हा कच्चं तेल ७० डॉलरच्या आत होतं. मधल्या काळात बरंच बदललं. २००८ मध्ये सरकार भाव बांधून ठेवत असे. जून २०१० मध्ये पेट्रोल नियंत्रणमुक्त झालं. ४३ रुपयांच्या घरातला डॉलर बहात्तरच्या पुढे गेला. मे २०२० मध्ये कच्चं तेल कोसळलेलं असताना केंद्राने पेट्रोलवरचा कर लिटरमागे १० रुपयांनी वाढवून ३३ च्या जवळ नेला. पुढे नोव्हेंबर २०२१ मध्ये ५ आणि मे २०२२ मध्ये ८ रुपये कमी केले. राज्याचा व्हॅट आणि अधिभार वेगळाच. पेट्रोल अजून जीएसटीत आलेलं नाही.

गैरसमज: राज्यात सर्वांत महाग पेट्रोल मुंबईतच.
वस्तुस्थिती: हा मान अनेकदा परभणीने मिळवला आहे. तिथलं पेट्रोल मनमाडच्या डेपोतून टँकरने शेकडो किलोमीटर येतं आणि ते भाडं भावात चढतं.

गैरसमज: आमच्याकडे गाडीच नाही, आम्हाला काय त्याचं?
वस्तुस्थिती: नाशिकचा कांदा वाशीच्या बाजारात डिझेलवरच पोहोचतो. पंपावर पाय न ठेवणाऱ्याच्या पिशवीतही इंधनाचा वाटा असतोच.

पंपावर आपण आठवणीने झिरो बघतो. महिनाअखेरीस आणखी एक आकडा बघावा: पगारातले किती रुपये टाकीत गेले. पेट्रोल महाग की स्वस्त, हे ज्याचं त्याला तिथे कळतं.