मध्यम किमतीचे मेटल डिटेक्टर : गैरसमज आणि वस्तुस्थिती

छंद म्हणून वापरल्या जाणाऱ्या बहुतेक मेटल डिटेक्टरच्या टोकाला एक चकती असते आणि तिच्यात तारेची दोन वेटोळी बसवलेली असतात. पहिल्या वेटोळ्यातून सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारा विद्युतप्रवाह वाहतो व त्याचे चुंबकीय क्षेत्र जमिनीत उतरते. तेथे धातू असेल तर त्याच्या पृष्ठभागावर भोवऱ्यासारखे फिरणारे प्रवाह निर्माण होतात, त्यांचे स्वतःचे क्षीण चुंबकीय क्षेत्र तयार होते आणि दुसरे वेटोळे ते टिपते. परत आलेला संकेत मूळ संकेताच्या किती मागे पडला, यावरून यंत्र आवाज काढते आणि पडद्यावर एक आकडा दाखवते. या रचनेला व्हीएलएफ (व्हेरी लो फ्रिक्वेन्सी) म्हणतात. साधारण 250 ते 700 डॉलर या मधल्या टप्प्यातील बहुतेक यंत्रे याच जातीची आहेत: अमेरिकेच्या गॅरेट कंपनीची एस 400 आणि एटी प्रो, तुर्कस्तानच्या नोक्टाची सिम्प्लेक्स आणि लेजेंड, ऑस्ट्रेलियाच्या माइनलॅबची व्हँक्विश, एक्स-टेरा प्रो आणि इक्विनॉक्स मालिकेतील खालची मॉडेल. त्यांची तुलना करताना जे गैरसमज आड येतात, त्यांतील बहुतेकांचे मूळ ही रचना नीट न समजण्यात आहे.

सर्वांत मोठा गैरसमज असा, की चांगले यंत्र सोने ओळखते. पडद्यावरचा आकडा धातूचे नाव सांगत नाही. वस्तू किती विद्युतवाहक आहे, तिचा आकार केवढा, जाडी किती, ती जमिनीत आडवी आहे की उभी, या सगळ्यांचा मिळून तो एक परिणाम असतो. जाड चांदीचे किंवा तांब्याचे नाणे वरचा आकडा देते, लोखंडी खिळा सर्वांत खालचा. सोन्याची नाजूक अंगठी मात्र नेमकी मध्ये पडते आणि तेथेच सिगारेटच्या पाकिटातील चांदीसारखा कागद, शीतपेयाच्या कॅनची कडी आणि अमेरिकेचे पाच सेंटचे नाणेही पडते. त्या नाण्यात 75 टक्के तांबे आणि 25 टक्के निकेल असते. हा मिश्रधातू तांब्याच्या मानाने कमी वाहक असल्यामुळे त्याचा आकडा इतका खाली येतो. नको असलेले धातू गप्प करण्याची सोय या टप्प्यातील प्रत्येक यंत्रात असते. कचऱ्याला कंटाळून कॅनच्या कड्या गप्प केल्या, की त्यांच्याबरोबर अंगठ्याही गप्प होतात. यावर मधल्या किमतीत उपाय नाही आणि वरच्या किमतीतही नाही. समुद्रकिनाऱ्यावर अंगठ्या शोधणाऱ्याला कड्या खणाव्याच लागतात.

नाण्यांची चित्रे किंवा नावे पडद्यावर छापलेली यंत्रे याहून जास्त फसवतात, कारण ती खुणा विशिष्ट देशाच्या चलनावरून बसवलेली असतात. भारतात तर अडचण आणखी वेगळी आहे. 1992 पासूनची एक रुपयाची बहुसंख्य नाणी चुंबकाला चिकटणाऱ्या स्टेनलेस स्टीलची आहेत. यंत्र त्यांना लोखंडाजवळ नेऊन बसवते किंवा त्यांचा आकडा डळमळत राहतो. त्याच जमिनीतील तांब्याचे जुने शिवराई नाणे त्यापेक्षा कितीतरी स्पष्ट बोलते.

दुसरा गैरसमज खोलीचा आहे: दुप्पट पैसे मोजले की यंत्र दुप्पट खोल जाईल. येथे भौतिकशास्त्र आडवे येते. चकतीपासून पुरेसे दूर गेल्यावर तिचे चुंबकीय क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात क्षीण होते. लहान वस्तूकडून परत येणारा संकेतही त्याच प्रमाणात विरत येतो. दोन्ही मिळून हा ऱ्हास अंतराच्या सहाव्या घातात होतो, म्हणजे खोली दुप्पट झाली की परतणारा संकेत 64 पटीने कमजोर पडतो. म्हणूनच साध्या मातीत नाण्याएवढी वस्तू 20 ते 25 सेंटीमीटरपर्यंत सापडणे ही या टप्प्यातील यंत्रांची सर्वसाधारण मर्यादा आहे आणि दोन मॉडेलमधला फरक थोड्याच सेंटीमीटरचा राहतो. मोठी चकती लावून खोली काहीशी वाढते, पण ती मुख्यतः मोठ्या वस्तूंसाठी. बारीक नाणे तिच्या पसरट क्षेत्रात उलट हरवते. जाहिरातीत येणारी मीटरभर खोली हंड्याएवढ्या धातूच्या वस्तूसाठी असते, सुट्या नाण्यासाठी नव्हे.

पैसे मोजल्याचा खरा फरक पडतो तो वारंवारितेत, म्हणजे पहिल्या वेटोळ्यातील प्रवाह किती वेगाने दिशा बदलतो त्यात. कमी वारंवारिता चांदीच्या मोठ्या नाण्यांवर चांगली चालते. जास्त वारंवारिता बारीक आणि कमी वाहक वस्तूंवर, म्हणजे सोन्याच्या कणांवर किंवा पातळ अंगठीवर. एस 400 ची वारंवारिता 10 किलोहर्ट्झ आहे, सिम्प्लेक्सची 12 आणि एटी प्रोची 15. तिन्ही यंत्रे एका वेळी एकाच वारंवारितेवर चालतात. एक्स-टेरा प्रोमध्ये 5, 8, 10 आणि 15 किलोहर्ट्झ असे चार पर्याय आहेत. ते वाचून ग्राहक हे यंत्र 'मल्टी फ्रिक्वेन्सी' समजतो. हा गैरसमज सर्वांत महागात पडतो. एक्स-टेरा प्रोमध्ये चारांपैकी एक वारंवारिता निवडायची असते. व्हँक्विश, इक्विनॉक्स आणि लेजेंड मात्र एकाच वेळी अनेक वारंवारिता सोडतात आणि परत आलेल्या संकेतांची एकमेकांशी तुलना करतात.

ही तुलना कामी येते ती खाऱ्या पाण्याने भिजलेल्या वाळूवर. मीठमिश्रित पाणी स्वतःच विद्युतवाहक असते. त्यामुळे एका वारंवारितेचे यंत्र लाटेच्या रेषेवर अखंड कुरकुरते. संवेदनशीलता खाली आणली की कुरकुर थांबते, पण खोलीही जाते. अनेक वारंवारितांचे यंत्र मिठाचा वाटा हिशेबातून वजा करू शकते. जो माणूस प्रामुख्याने समुद्रावर जाणार आहे, त्याने या सोयीसाठी जास्तीचे पैसे द्यावेत. इंग्लंडमधल्या नांगरलेल्या, सौम्य मातीच्या शेतात फिरणाऱ्याला मात्र सिम्प्लेक्ससारखे स्वस्त यंत्र पुरते आणि वाचलेल्या पैशांत हातात धरण्याचा छोटा पिनपॉइंटर घेता येतो. खड्ड्यातील ढेकळांत नेमकी वस्तू कोठे आहे हे तो दाखवतो. नव्या माणसाचा निम्मा वेळ तेथेच जातो.

लोहखनिजाचा त्रास मिठापेक्षा निराळा. दख्खनच्या काळ्या बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइटसारखी चुंबकीय खनिजे भरपूर असतात आणि कोकणातला जांभा लोहाच्या ऑक्साइडांनी लाल झालेला असतो. अशा जमिनीत माती स्वतःच संकेत परत पाठवते. यंत्राला त्या मातीची सवय करून देण्याच्या प्रक्रियेला ग्राउंड बॅलन्स म्हणतात. काही स्वस्त यंत्रांत ती कारखान्यातच ठरवून टाकलेली असते, बदलता येत नाही. एस 400 त्यांपैकीच. एटी प्रो आणि सिम्प्लेक्सवर मात्र ती जागेवर करता येते. हवेत नाणे धरून दुकानात घेतलेली चाचणी हे सगळे झाकून ठेवते. हवेत सरस ठरलेले यंत्र लोहयुक्त जमिनीत मागे पडू शकते.

जुन्या वस्तीच्या जागी खिळ्यांचा खच असतो आणि खिळ्यालगत पडलेले नाणे त्याच्या आवाजाखाली झाकले जाते. तेथे एका संकेतातून सावरून दुसरा वेगळा काढण्याचा यंत्राचा वेग महत्त्वाचा ठरतो; लहान चकतीनेही मोठा फरक पडतो. पाण्याबाबतचा घोटाळा मात्र निव्वळ शब्दांमुळे होतो: 'वॉटरप्रूफ कॉइल' म्हणजे फक्त चकती पाण्यात चालते. एस 400 आणि व्हँक्विशचा वरचा डबा भिजला तर बिघडतो. एटी प्रो, सिम्प्लेक्स आणि पहिली इक्विनॉक्स मालिका सुमारे तीन मीटरपर्यंत पूर्ण बुडवता येते.

दूरवरून सोन्याचा किंवा गुप्तधनाचा माग दाखवणारी, दांड्यावर फिरणारी 'लाँग रेंज लोकेटर' नावाची उपकरणे मुळात मेटल डिटेक्टर नव्हेतच. त्यांना वरील एकही नियम लागू पडत नाही, कारण त्यांच्यात मोजण्याजोगे काहीच घडत नसते. अमेरिकेत क्वाड्रो ट्रॅकर नावाच्या अशाच उपकरणाच्या विक्रीवर 1996 मध्ये न्यायालयाने बंदी घातली. गोल्फचे हरवलेले चेंडू शोधण्याच्या एका खेळण्यावरून बेतलेले एडीई 651 हे तर बॉम्बशोधक म्हणून इराकला विकले गेले. ते विकणाऱ्या जेम्स मॅकॉर्मिकला 2013 मध्ये लंडनच्या न्यायालयाने दहा वर्षांची शिक्षा दिली. अशा उपकरणांवर विसंबून तपासणी नाक्यांवर माणसे उभी होती, म्हणून हा विषय केवळ पैसे बुडण्याचा राहत नाही.

मोठा शोध लागायला महागडे यंत्र लागते, या समजुतीला ब्रिटनचा इतिहास साथ देत नाही. जुलै 2009 मध्ये टेरी हर्बर्ट यांनी स्टॅफर्डशायरच्या एका शेतात अँग्लो-सॅक्सन सोन्याचा जो साठा शोधला, त्याचे मूल्य 32 लाख 85 हजार पौंड ठरले. त्यांचे यंत्र तेव्हा सुमारे 14 वर्षे जुने होते. एरिक लॉज 1992 मध्ये हॉक्सनच्या शेतात शेतकऱ्याचा हरवलेला हातोडा शोधत होते आणि त्यांना सुमारे 15,000 रोमन नाणी असलेला ठेवा लागला. लॉज यांनी सगळे उकरून काढले नाही. त्यांनी खणणे थांबवून कळवले, म्हणून पुरातत्त्वज्ञांना ठेव्याच्या पेटीतील वस्तूंची मूळ मांडणी अभ्यासता आली. वस्तू मातीतून निघाली की ती कोणत्या थरात आणि कशाशेजारी होती हे ज्ञान कायमचे जाते. त्या दिवशी लॉज यांच्या संयमाची किंमत कोणत्याही यंत्रापेक्षा जास्त होती.

शेवटचा गैरसमज सर्वांत घातक: सापडेल त्याचे. इंग्लंडमध्ये जमीनमालकाची परवानगी लागते आणि 1996 च्या ट्रेझर ॲक्टनुसार ठेवा आढळल्यास 14 दिवसांत कॉरोनर या चौकशी अधिकाऱ्याला कळवावे लागते; वस्तू संग्रहालयाने घेतल्यास बक्षीस शोधणारा आणि मालक यांच्यात वाटले जाते. लेमिन्स्टरजवळ 2015 मध्ये सापडलेला ठेवा दडवून विकणाऱ्या दोघांना 2019 मध्ये दीर्घ तुरुंगवास झाला. स्कॉटलंडमध्ये प्राचीन वस्तूंवर थेट राजसत्तेचा हक्क असतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत मेटल डिटेक्टर जवळ बाळगणेही निषिद्ध आहे.

भारतात 1878 चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. जमिनीत दडलेला दहा रुपयांहून अधिक मूल्याचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे. न कळवल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. संरक्षित स्मारकांच्या आवारात 1958 च्या केंद्रीय आणि 1960 च्या महाराष्ट्राच्या कायद्यानुसार परवान्याशिवाय खणता येत नाही, आणि राज्यातील अनेक गडकोट या संरक्षणाखाली येतात. शंभर वर्षांहून जुन्या वस्तू 1972 च्या पुरावशेष कायद्याच्या कक्षेत येतात. गुप्तधनाच्या शोधात केले जाणारे अघोरी प्रकार महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने स्वतंत्र गुन्हा ठरवले आहेत.