मांजराचा चौकोन

स्क्रॅच ही मुलांसाठी बनवलेली संगणकभाषा अमेरिकेतील एमआयटी मीडिया लॅबने २००७ मध्ये सर्वांसाठी मोफत खुली केली. तिची मुळे १९६७ च्या 'लोगो' भाषेत आहेत. स्क्रॅचमध्ये आज्ञा टाइप कराव्या लागत नाहीत. रंगीत ठोकळे माउसने ओढून एकमेकांत अडकवायचे. 'शंभर पावले चाल' आणि 'नव्वद अंश वळ' हे ठोकळे 'चार वेळा कर'मध्ये बसवले, की पडद्यावरचे मांजर चौकोनात फिरून मूळ जागी येते. अंश चुकले तर चौकोन जमत नाही. मग मूल चूक शोधते, आकडा बदलते, पुन्हा चालवून पाहते. कामाचे टप्पे पाडणे, त्यांचा क्रम लावणे आणि न कंटाळता चूक दुरुस्त करणे, हाच प्राथमिक वर्गातील संगणकशिक्षणाचा गाभा आहे. पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठीच्या स्क्रॅचज्युनिअरमध्ये ठोकळ्यांवर चित्रे असतात. त्यामुळे वाचता न येणारे मूलही गोष्ट रचू शकते.