अस्थिशोषक पेशींचे संदेशवहन आणि पेशीसांगाडा

अस्थिशोषक पेशी म्हणजे हाडाचा जुना भाग विरघळवून काढणाऱ्या, अनेक केंद्रके असलेल्या मोठ्या पेशी होत. त्यांना ऑस्टिओक्लास्ट असेही म्हणतात. त्यांनी मोकळ्या केलेल्या जागी अस्थिजनक पेशी नवे हाड घालतात. शोषण प्रमाणाबाहेर वाढल्यास हाडे विरळ होतात, तर ते थांबल्यास हाडे दाट पण ठिसूळ होतात. बाहेरून आलेल्या रासायनिक संदेशांमुळे पेशीचा अंतर्गत सांगाडा विशिष्ट रीतीने रचला जातो, तेव्हाच शोषण सुरू होते.

निर्मितीचे संदेश

या पेशी रक्तातील एककेंद्रकी पूर्वज पेशींपासून तयार होतात. एम-सीएसएफ हे प्रथिन पूर्वज पेशींना जगवते. रँक-लिगंड हे दुसरे प्रथिन त्यांच्या पटलावरील रँक या ग्राहीला जोडले गेले, की एनएफ-कप्पाबी व पुढे एनएफएटीसी-१ हे जनुकनियंत्रक जागृत होतात आणि पेशी एकमेकींत मिसळून मोठी पेशी बनते. १९९७ साली वर्णन झालेले ऑस्टिओप्रोटेजेरिन हे प्रथिन रँक-लिगंडला वाटेतच अडवते. पुण्यातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात मोहन वाणी व सहकाऱ्यांनी इंटरल्युकिन-३ हा आणखी एक अटकाव दाखवून दिला. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगांत उंदरांच्या पूर्वज पेशी या द्रव्यामुळे अस्थिशोषक होण्याचे कायमचे थांबल्या. मानवी पेशींवरील नंतरच्या प्रयोगांत एम-सीएसएफचा ग्राहीच कमी झालेला आढळला.

सांगाड्याची रचना

तयार झालेली पेशी हाडाला चिकटते ती इंटेग्रिन या पटल-प्रथिनाच्या आधारे. इंटेग्रिनकडून एसआरसी या विकराला व त्याच्यामार्फत रॅक आणि ऱ्हो या लहान प्रथिनांना संदेश जातो. त्यानुसार अ‍ॅक्टिन तंतूंचे असंख्य सूक्ष्म ठिपके, ज्यांना पोडोसोम म्हणतात, कडेला सरकून दाट कडे बनवतात. वाटीचा काठ जमिनीवर घट्ट टेकावा, तसे हे कडे हाडावर टेकते व आतली जागा बंदिस्त होते. सूक्ष्मनलिकांवरून आलेल्या आम्लयुक्त पिटिका तेथील पटलात मिसळून चुणीदार कड तयार होते. तिच्यातून हायड्रोजन आयन बाहेर पडून खनिज विरघळते व कॅथेप्सिन-के हे विकर उरलेले कोलॅजेन तोडते. या बंदिस्त जागेचा सामू साधारण ४.५ असतो. कडे सुटले तर आम्ल पसरून वाया जाते.

याचा ठळक पुरावा १९९१ साली मिळाला. एसआरसी जनुक निकामी केलेल्या उंदरांत अस्थिशोषक पेशी होत्या, तरीही हाडे अश्मवत दाट झाली. या पेशींना चुणीदार कडच नव्हती, असे पुढे दिसून आले.

उपचार

डेनोसुमॅब हे प्रतिपिंड रँक-लिगंडला बांधून ठेवते. अमेरिकेत त्यास २०१० साली मान्यता मिळाली. झोलेड्रोनेटसारखी औषधे मात्र पेशीच्या आत शिरून ऱ्हो व रॅक यांना पटलाशी जोडणारी मेदसाखळी बनू देत नाहीत. परिणामी अ‍ॅक्टिनचे कडे कोलमडते.

खनिजाचा प्रश्न

संदेश व सांगाडा दोन्ही ठीक असले, तरी खनिज आम्लात किती विरघळते हेही महत्त्वाचे असते. पिण्याच्या पाण्यातील फ्लोराइड हाडात शिरून तेथील खनिज कमी विद्राव्य बनवते. यवतमाळ जिल्ह्यात मुकुटबन ज्या झरी जामणी तालुक्यात आहे, त्याच्या शेजारच्या पांढरकवडा परिसरातील भूजलात फ्लोराइडचे जादा प्रमाण नोंदले गेले आहे. भारतीय मानकानुसार ते लिटरला १ मिलिग्रॅम, व अन्य स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. त्याहून बरेच अधिक फ्लोराइड वर्षानुवर्षे पोटात गेल्यास अस्थि-फ्लोरोसिस होतो. त्यात हाड दाट होऊनही सांधे व कणा ताठरतात.