कोडं मोबाइलचं, उत्तर गुलाबी शहराचं

ना गाइड, ना टूरची बस. हातात मोबाइल, त्यावर एक कोडं आणि समोर जयपूरच्या तटाच्या आतलं जवळजवळ तीनशे वर्षांचं शहर. सहकुटुंब खेळता येणाऱ्या या खेळात गंमत भरपूर आहे. पण शहराला विचारण्यासारखं बरंच काही त्यात सुटूनही जातं...

समजा, नाशिकचं एक कुटुंब जयपूरला आलंय. आई-बाबा, तेरा वर्षांची ताई, नऊ वर्षांचा धाकटा आणि हट्टानं सोबत आलेली आजी. सकाळचे साडेआठ. बडी चौपडीवर फुलांचे ढीग लागलेत, कबुतरं उडताहेत आणि हवामहालावर कोवळं ऊन पडलंय. रस्त्याच्या पलीकडे फोटो काढणाऱ्यांची ही गर्दी! ताईच्या हातातल्या मोबाइलवर मात्र प्रश्न उमटलाय : ‘या महालाला साडेनऊशेहून अधिक खिडक्या आहेत. पण आत शिरायचं दार कुठे?’

धाकटा लगेच धावतो. समोर दार नाही. बाजूला नाही. बाबा म्हणतात, ‘‘अरे, असेल कुठेतरी!’’ पण नसतंच. कारण ज्याला सारं जग हवामहालाचा दर्शनी भाग समजतं, ती खरं तर त्याची पाठ आहे. १७९९ साली सवाई प्रतापसिंग यांनी तो बांधवला, लालचंद उस्ता यांनी त्याची रचना केली. राजघराण्यातल्या स्त्रियांना स्वतः न दिसता बाजारातल्या मिरवणुका पाहता याव्यात, यासाठी या ९५३ खिडक्या. महालात शिरायचं तर डावीकडे चौपडीवर यायचं, त्रिपोलिया बाजाराच्या दिशेनं उजवीकडे वळायचं आणि पहिल्याच कमानीतून पुन्हा उजवीकडे आत जायचं. हे उत्तर गाइडनं सांगितलं असतं तर मुलांनी ‘हं’ म्हणून सोडून दिलं असतं. दहा मिनिटं वणवण करून सापडलं, म्हणून ते घरी जाऊन मित्रांना सांगतील!

शोधाशोध जुनीच, साधन नवं

अशा खेळांची पद्धत साधी असते. पैसे भरायचे, मोबाइलवर अ‍ॅप किंवा दुवा येतो. नेमून दिलेल्या ठिकाणी उभं राहिलं की पहिलं कोडं उघडतं. कोड्याचं उत्तर आजूबाजूलाच असतं : कमानीवरचं एखादं साल, दाराच्या दोन बाजूंचे हत्ती, गल्लीचं नाव. उत्तर बरोबर आलं की त्या जागेची गोष्ट वाचायला मिळते आणि पुढचा पत्ता कळतो. अडलात तर इशारा मागता येतो, पण त्याचे गुण कापले जातात. घाई कुणालाच नसते. मध्येच कचोरी खायला थांबलात तरी खेळ वाट पाहतो. टूरच्या बसचा भोंगा वाट पाहत नाही, हे प्रवासी मंडळींना सांगायला नकोच.

याचं मूळ फार जुनं आहे. इंग्लंडमधल्या डार्टमूरच्या माळरानावर १८५४ साली जेम्स पेरट या वाटाड्यानं एका दुर्गम जागी बाटली ठेवली. तिथवर पोचलेल्यानं त्यात आपलं कार्ड टाकायचं, एवढाच खेळ. पुढे २ मे २००० रोजी अमेरिकेनं सामान्य नागरिकांच्या उपग्रह-दिशादर्शनातली मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि दुसऱ्याच दिवशी ऑरेगन राज्यात डेव्ह उल्मर यांनी जंगलात एक बादली लपवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. त्यातून जगभर ‘जिओकॅशिंग’ पसरलं. २०१६ साली ‘पोकेमॉन गो’नं तर पोराटोरांना रस्त्यावर आणलं. शहर ओळखण्याची कोडी ही याच घराण्यातली.

आणि जयपूरसारखं मैदान या खेळाला दुसरं मिळणं कठीण, कारण हे शहर मुळात आखूनच वसवलेलं आहे. सवाई जयसिंग यांनी १८ नोव्हेंबर १७२७ रोजी त्याचा पाया घातला. आखणीत मूळच्या बंगाली विद्याधर भट्टाचार्य यांचा मोठा वाटा होता. नऊ चौकड्या, म्हणजे चौकडीच्या शर्टावर असतात तशाच. मधून सूरजपोल ते चांदपोल असा पूर्व-पश्चिम सरळ राजरस्ता. मुख्य रस्त्याची रुंदी १११ फूट सांगितली जाते. पुढचे रस्ते साधारण निम्म्यानिम्म्यानं अरुंद होत जातात. नकाशा समोर धरला की मुलं विचारतातच, नऊ चौकड्यांचा नीट चौरस का झाला नाही? वायव्येला नाहरगडचा डोंगर आडवा आला. मग एक चौकडी उचलून आग्नेयेला नेली, असं नगररचनेचे अभ्यासक सांगतात. २०१९ साली ‘युनेस्को’नं तटाच्या आतलं हे शहर जागतिक वारशाच्या यादीत घेतलं, त्यात या आखणीचा मान मोठा आहे.

गल्ल्यांची नावं म्हणजे तर आयतीच कोडी! इथे गल्लीला ‘रास्ता’ म्हणतात. मणिहारोंका रास्ता म्हणजे लाखेच्या बांगड्या करणाऱ्यांची आळी, ठठेरोंका रास्ता म्हणजे आपली तांबट आळी. आणि खजानेवालोंच्या रास्त्यात? तिजोऱ्या नव्हेत, संगमरवराच्या मूर्ती! पांढऱ्या भुकटीत माखलेले कारागीर देवांचे चेहरे घडवत बसलेले असतात. नाव एक, काम भलतंच.

मोबाइलचं घड्याळ चुकलं?

जंतरमंतरमध्ये मात्र अर्धा दिवस काढावा. जयसिंगांनी पाच शहरांत वेधशाळा बांधल्या, त्यांतली ही सर्वांत मोठी. २०१० पासून तीही जागतिक वारसा आहे. तिथलं सम्राट यंत्र सुमारे २७ मीटर उंच आहे. तिरप्या भिंतीची सावली बाजूच्या वक्र पट्टीवर सेकंदाला सुमारे एक मिलिमीटर सरकते. पट्टीजवळ उभं राहिलं की ती सरकताना डोळ्यांना दिसते. वेळ सरकताना पाहायला मिळणं, हे भाग्य कोणत्या मोबाइलवर आहे?

इथे मुलांना विचारावं : सावलीची वेळ आणि मोबाइलची वेळ जुळत का नाही? यंत्र बिघडलेलं नाही. भारताची प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश रेखांशाची. जयपूर त्याच्या पश्चिमेला जवळजवळ पावणेसात अंश. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे जयपूरचा सूर्य घड्याळाच्या सुमारे २७ मिनिटं मागे. त्यात पृथ्वीच्या फिरण्यातल्या कमीअधिकपणाची भर पडते. म्हणून फेब्रुवारीच्या मध्याला हा फरक चाळीस मिनिटांवर जातो, नोव्हेंबरच्या सुरुवातीला दहावर येतो. हा हिशेब वहीवर करणारी मुलं भूगोलाच्या पेपरात चुकायची नाहीत.

एक गोष्ट आजीला सांगण्यासारखी. जयसिंगांच्या दरबारातले मोठे ज्योतिषी जगन्नाथ सम्राट हे महाराष्ट्रीय पंडित म्हणून ओळखले जातात. युक्लिडची भूमिती अरबीतून संस्कृतात त्यांनी आणली, ‘रेखागणित’ या नावानं. स्वतः जयसिंगही कोवळ्या वयात महाराष्ट्रात येऊन गेले होते, पण औरंगजेबाच्या फौजेतून, १७०२ च्या विशाळगडाच्या वेढ्यात! शहराचं आणि आपलं नातं असं सुरुवातीपासून गुंतागुंतीचं आहे.

ज्याला टिकमार्क नाही

त्रिपोलियाजवळ सरगासुली ऊर्फ ईसरलाट हा सात मजली मनोरा उभा आहे. जयसिंगांनंतर गादीवर आलेल्या ईश्वरीसिंगांनी सावत्रभाऊ माधोसिंग आणि त्याच्या साथीदारांवर १७४७ साली राजमहालच्या लढाईत विजय मिळवला, त्याची खूण म्हणून तो १७४९ मध्ये उभारला. सेनापतीची मुलगी दिसावी म्हणून राजानं मनोरा बांधला, अशी आख्यायिकाही गाइड मंडळी रंगवून सांगतात. कोड्याला अशी गोष्ट फार सोयीची. किती मजले? सात. बरोबर! पुढे चला.

पण पुढे काय झालं? भाऊबंदकीत मराठे उतरले. १७४८ मध्ये बगरूच्या लढाईनंतर ईश्वरीसिंगांना खंडणी कबूल करावी लागली. ती थकली. डिसेंबर १७५० मध्ये मल्हारराव होळकर वसुलीसाठी जयपूरवर चालून आले आणि विजयस्तंभ उभारून दोन वर्षंही झाली नव्हती तोच ईश्वरीसिंगांनी जीव दिला. माधोसिंग गादीवर बसले. होळकर आणि जयाप्पा शिंदे यांच्या छावण्या शहराबाहेर पडलेल्या. जानेवारी १७५१ मध्ये छावणीतले हजारो मराठे शहरात शिरले होते. लढायला नव्हे, तर हे नवं, सुंदर शहर आणि त्यातली देवळं पाहायला, बाजारहाट करायला. म्हणजे आज नाशिकचं कुटुंब ज्यासाठी आलंय त्यासाठीच! खंडणीनं आणि राजाच्या मृत्यूनं चिडलेलं शहर त्यांच्यावर उलटलं. दुपारपासून रात्रीपर्यंत कत्तल चालली. मेलेल्यांची संख्या काही हजारांत सांगितली जाते.

यात कोण बरोबर, कोण चूक? खंडणीसाठी राजाला मरणापर्यंत नेणारे, की पाहुण्यासारखे आलेल्या निःशस्त्रांना रस्त्यात गाठणारे? चार पर्यायांतला एक निवडा, असं इथे म्हणता येत नाही. म्हणूनच बहुधा तयार खेळ अशा जागी थांबत नाहीत. त्यांना एका शब्दाचं, एका आकड्याचं उत्तर लागतं. धाकट्यासमोर हा विषय काढायचा की नाही, हे आईबाबांनी ठरवावं. ताईला मात्र जरूर सांगावा. शाळेच्या पुस्तकात भगवा अटकेपार जातो. वाटेतल्या शहरांना तो कसा दिसला, हे मनोऱ्याखाली उभं राहून कळतं.

खेळाची आणखीही एक गैरसोय आहे. कोडी बहुधा इंग्रजीत असतात. ताई वाचते, बाबा समजावतात आणि आजी बाकावर बसून पायाला मुंग्या आल्या म्हणते. शिवाय मान खाली घालून चालणाऱ्याला ई-रिक्षा दिसत नाही. अरुंद गल्लीत उपग्रहाची खूण पंधरा-वीस पावलं इकडेतिकडे भरकटते आणि मंडळी कुणाच्या तरी चौकात शिरतात. हवेल्यांमध्ये माणसं राहतात. बांगड्यांच्या भट्टीपुढे बसलेला कारागीर हा आपल्या कोड्यातला पुरावा नाही. फोटो काढण्याआधी विचारलं, बांगडीची एक जोडी घेतली, तर तो स्वतःहून चार गोष्टी सांगतो.

मग करावं काय? पहिल्या दिवशी तयार खेळ खेळावा. हात बसतो, शहराचा अंदाज येतो. दुसऱ्या दिवसासाठी रात्री हॉटेलवर बसून आपला खेळ आपणच करावा, मराठीत. मुलांनी आजीसाठी चार कोडी लिहावीत, आजीनं मुलांसाठी चार. एखादं तरी असं हवं, ज्याचं उत्तर माणसाला विचारल्याशिवाय मिळणार नाही. एखादं मुद्दाम अवघड. उदाहरणार्थ, ‘गुलाबी शहरात मूळचा गुलाबी रंग शोधा.’ तो सापडायचा नाही. १८७६ साली इंग्लंडचे युवराज आल्बर्ट एडवर्ड येणार म्हणून सवाई रामसिंग यांनी शहर रंगवलं. आणि नीट पाहिलं तर तो गुलाबीपेक्षा गेरूच्याच जवळचा आहे. आजीला हे पहिल्या नजरेतच कळेल. तिनं तुळशीवृंदावन गेरूनं रंगवलेलं असतं!

आणखी एक घ्या : ‘चौपडीवरचं पाणी कुठे गेलं?’ बडी आणि छोटी चौपड ही नुसती चौरस्त्यांची ठिकाणं नव्हती, तिथे पाण्याचे कुंड होते. पुढे ते बुजले, वर रस्ते झाले आणि लोक विसरलेही. मेट्रोसाठी खोदकाम सुरू झालं तेव्हा पायऱ्या आणि गोमुख पुन्हा उजेडात आले. सप्टेंबर २०२० पासून मेट्रो भुयारातून बडी चौपडीपर्यंत येते. या प्रश्नाचं उत्तर मोबाइलवर शोधू नये. चौपडीवरच्या एखाद्या म्हाताऱ्या फूलवाल्याला विचारावं, त्यानं आजोबांकडून काही ऐकलं असलं तर असलं. गजरा तर मिळेलच.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने यासाठी बरे. जंतरमंतरला स्वच्छ ऊन असेल तेव्हाच जावं, ढगाळ दिवशी यंत्रं मुकी होतात. मोबाइलची बॅटरी भरलेली असावी. आजीसाठी एक घडीचं स्टूल मात्र सोबत घ्या. सम्राट यंत्राची सावली पाहत बसायला तेच उपयोगी पडेल.